अल्फा ते झुलू, व्हाया नेर

डबा म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी अडणार नाही. कुणीतरी एक लहान डबा कुठेतरी लपवतो. आत कागदाची एक गुंडाळी असते. जागेचे अक्षांश-रेखांश तो साइटवर टाकतो, सोबत एखादी खूण देतो. आपण फोन घेऊन तिथे जायचं, डबा शोधायचा, गुंडाळीवर नाव लिहायचं आणि होता तसा परत लपवायचा. मग साइटवर 'सापडला' म्हणून नोंद करायची. याला जिओकॅशिंग म्हणतात. बक्षीस नाही, स्पर्धा नाही. 'मग करता कशाला?' असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं मी सोडून दिलंय. माझे यजमान पंचवीस वर्षांपूर्वीच्या क्रिकेट मॅच पुन्हा पुन्हा बघतात, त्यांना कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रात हे करणारे आम्ही मोजकेच. यवतमाळचे अरुण गावंडे आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. पाटबंधारे खात्यात नोकरी झाल्यामुळे जिल्ह्यातला प्रत्येक पूल आणि प्रत्येक बांध त्यांच्या ओळखीचा. निवृत्तीनंतर त्यांनी स्कूटरवर फिरून सव्वीस डब्यांची एक साखळी लावली. वायरलेसवर बोलताना अक्षरांची गल्लत होऊ नये म्हणून A ला अल्फा, B ला ब्राव्हो म्हणतात, शेवटी Z ला झुलू. त्या अक्षरांवर त्यांनी आम्हा सव्वीस जणांची नावं बसवली. अनघा अल्फा झाली, चिटणीस चार्ली झाले. मी उज्ज्वला, म्हणून युनिफॉर्म. X वरून कोणाचंच नाव सुरू होईना, तेव्हा एक्स-रे वर्ध्याच्या एका मैत्रिणीला मिळाला, कारण ती दवाखान्यात तेच काढते. प्रत्येक डब्यात त्या माणसाविषयी गावंड्यांच्या हातची एक ओळ. "शोकसभेत बोलतात ते मी आधीच बोलून ठेवलं, म्हणजे ज्याचं त्याला वाचता येते," असं ते म्हणाले होते.

मग त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मुलानं त्यांना बंगळूरला नेलं. इकडे साइटवर तक्रारी सुरू झाल्या. एक जण लिहितो डबा नाही. दुसरा लिहितो आहे, स्टीलचा आहे. तिसरा लिहितो प्लास्टिकचा आहे. साइटचे तपासनीस असतात, तेही आमच्यासारखे हौशीच, पण नियमाला पक्के. त्यांनी कळवलं: महिनाअखेरपर्यंत सगळे डबे तपासा, जिल्ह्यात राहणारा कोणीतरी राखणदार नेमा, नाहीतर सगळी साखळी बंद करू.

त्यावर गावंड्यांनी आमच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. 'जमलं तर बघा कोणी, नाहीतर राहू द्या.'

हा माणूस एका डब्याची जागा सांगायला तीन पानं लिहायचा. 'राहू द्या' मला अजिबात आवडलं नाही. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली, हळहळ व्यक्त केली. मी तिकीट काढलं. सांगलीत आमचं पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे, ते यजमानांवर सोपवलं. पिशवीत चार कपडे, आणि उरलेल्या जागेत पीव्हीसीची टोपणं, पाइपचे तुकडे, टेफ्लॉन टेप, पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि करवतीचं पातं.

नेर

बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून एसटीनं नेर गाठलं. स्टँडवर सलीम कुरेशी त्यांची जुनी व्हॅन घेऊन उभे होते. हे आमचे क्वेबेक, म्हणजे Q. स्कूटर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान आहे. गावंड्यांची स्कूटर वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच यायची, आणि तिच्यामागोमाग हा नादही आला. पन्नाशीचे आहेत, अंगानं आडवे, बोलणं थांबत नाही. फोनवर वर्षभर बोललो होतो, भेट पहिलीच.

"ताई, आंधी नाश्ता. बाकी दुनिया बाद में."

नाश्ता म्हणजे तर्री-पोहे. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू येतं. इथे ताटलीतल्या पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात. पहिल्या घासाला मला वाटलं मिसळ आणि पोह्यांचा काहीतरी घोटाळा झाला. तिसऱ्या घासाला मी आणखी तर्री मागितली.

खाता खाता मी कामाचं बोलले. "राखणदार तुम्ही व्हा, कुरेशीभाई. जिल्ह्यात राहता, गाडी आहे, गावंडेसाहेबांचे जवळचे आहात. दुसरं कोण आहे?"

त्यांचा चमचा थांबला. "ते नाही जमणार ताई. दुसरं काहीही सांगा. व्हॅन घ्या, डिझेल घ्या, मले ड्रायव्हर म्हणून घ्या. पण ते नाही."

"का?"

"बस, नाही."

एवढं बोलणारा माणूस दोन शब्दांत आटोपतो म्हणजे काहीतरी आहे. पण पोहे खाता खाता ते निघण्यातलं नव्हतं. उठले.

अल्फा एका लहान पुलाच्या दगडांत होता. हिरव्या रंगाची स्टीलची डबी, गावंड्यांचे सगळे डबे तसेच. रबर वाळलं होतं, ते बदललं, कागद कोरडा होता. ब्राव्होही ठीक. चार्ली कापसाच्या बाजाराबाहेरच्या रस्त्यावर, एका जुन्या दगडी कठड्यात. शेजारून कापसानं फुगलेल्या गाड्या चालल्या होत्या, वाऱ्यावर कापूस उडून बाभळीच्या काट्यांना लटकला होता. मी कठड्याखाली हात घातला आणि गोळ्यांची एक पांढरी प्लास्टिकची बाटली हाताला लागली. आत गुंडाळी, तिच्यावर तीन-चार सह्या. बाटली गावंड्यांची नव्हती. मी आणखी आत हात घातला. वीतभर पुढे एका खोबणीत हिरवी डबी शांत बसलेली होती.

म्हणजे एका जागी दोन डबे.

आमच्यात याला मोठं पाप मानतात, म्हणून जरा समजावून सांगते. एखाद्याला डबा सापडत नाही. तेव्हा सरळ 'सापडला नाही' असं लिहून घरी जावं. पण काही जणांना ते लिहवत नाही. ते खिशातून नवा डबा काढतात, तिथेच ठेवतात आणि 'हरवला होता, मी नवा ठेवला' म्हणून मोकळे होतात. खरा डबा तर तिथेच असतो. मग पुढच्यांपैकी कोणाला हा सापडतो, कोणाला तो, वर्णनं जुळत नाहीत, आणि ज्यानं डोकं लढवून जागा शोधलेली असते त्याची सगळी मेहनत पाण्यात जाते. तपासनिसांकडे उलटसुलट तक्रारी का गेल्या ते मला तिथेच कळलं. कोणी केलं ते कळायचं होतं.

"कोणी ठेवली असेल ही बाटली?" मी विचारलं.

"काय माहीत, ताई. पुन्या-मुंबईची लोकं येतात. काहीही करतात," कुरेशीभाई म्हणाले आणि व्हॅनचं बॉनेट उघडून आत वाकले. बॉनेट उघडायचं काही कारण नव्हतं.

दारव्ह्याच्या पुढे फॉक्सट्रॉटलाही दोन डबे निघाले. तशीच पांढरी बाटली. मी ती पिशवीत टाकली. व्हॅन थोडी पुढे गेली, तेवढ्यात फाट् आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली. टायरमध्ये बाभळीचा काटा.

"स्टेपनी काढा," मी म्हटलं.

कुरेशीभाईंनी डोकं खाजवलं. "स्टेपनी पंक्चर आहे."

"तुम्ही मेकॅनिक ना?"

"गिऱ्हाइकाच्या गाड्या आंधी करतो ना ताई! आपली राहूनच जाते."

एका ट्रॅक्टरवाल्यानं चाक दिग्रसपर्यंत नेलं आणि आणूनही दिलं. तोवर मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून चार डब्यांची रबरं कापून ठेवली. दिग्रसच्या अलीकडे एका तलावाच्या काठी युनिफॉर्म होता, माझा. आमच्यात ठरलेलं आहे की आपल्या नावाच्या डब्यावर आपण सही करायची नाही. म्हणून मी नुसतं झाकण उघडलं. आतल्या ओळीत गावंड्यांनी लिहिलं होतं: 'हिनं बंद केलेला डबा पुन्हा गळत नाही.' झाकणाचा आटा तपासला, टेफ्लॉनचे दोन वेढे दिले आणि परत ठेवला. कुरेशीभाई माझ्याकडे बघत होते, मी काही बोलेन म्हणून.

"चला, उजेड आहे तोवर पुसद गाठू," मी म्हटलं.

फुलसावंगी

पुसदच्या लॉजवर झोप बरी झाली. सकाळी फुलसावंगीच्या बाजूला निघालो. आमच्याकडे सांगलीला उसामुळे दोन्ही बाजूंना भिंती असल्यासारखं वाटतं, शेतात कोण आहे ते दिसत नाही. इथे शेतं उघडी. काळी जमीन, तिच्यावर पांढरा कापूस, मधून तुरीचे पट्टे, आणि लांबवर वाकून वेचणाऱ्या बायांच्या साड्या. कोण कुठे काम करतंय ते कोसभरावरून दिसतं. ही गोष्ट थोड्याच वेळात फार उपयोगी पडली.

माइक एका शेताच्या धुऱ्यावर होता. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तिथे पळसाचं एक झाड आणि त्याच्या बुडाशी दगडांची रास. शेताच्या मालकीणबाई, कमलबाई, आणखी तिघी-चौघींबरोबर कापूस वेचत होत्या. गावंड्यांनी डबा ठेवताना त्यांची परवानगी घेतलेली होती, तरी आपण जाऊन सांगावं म्हणून मी गेले.

"कोण गावच्या, बाई?"

"सांगलीची."

"सांगलीहून हतं कायले आल्या?"

"डबा शोधायला."

कमलबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पोटाशी बांधलेली झोळी कापसानं टम्म फुगली होती. "आवो, तुमच्या घरी डब्बे नाहीत काय?"

बाया हसायला लागल्या. मीही हसले, दुसरं काय करणार. मी दगडांच्या राशीकडे वळले तर कमलबाई मागून ओरडल्या, "कोणता पायजे? दोन हायेत. एक त्या म्हाताऱ्या साहेबाचा, पार खाली, मुळाजवळ. अन् एक वरच आहे, पांढरा."

"पांढरा कोणी ठेवला, माहीत आहे?"

"माहीत नसाले काय झालं? आम्ही हतंच होतो. गवत निंदून राह्यलतो." त्यांनी हात लांब केला आणि माझ्या मागे, व्हॅनला टेकून उभ्या असलेल्या कुरेशीभाईंकडे बोट दाखवलं. "हा कोण मंग? हाच तं होता! ह्याच गाडीत आलता. दोन दगडं इकडले तिकडे केले, डब्बा ठेवला, अन् गाडी घेऊन पयाला. मी म्हटलं, बाई, हा काय चोरी करून राह्यला का दान करून राह्यला?"

दुसरी एक जण म्हणाली, "दान करनारा कायले पयंन वं?"

कुरेशीभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "मावशी, तुमची नजर लय तेज आहे," ते म्हणाले.

"नजर तेज नसती तं कापूस कोणं वेचला असता, तुह्या बापानं?"

मी राशीच्या बुडाशी हात घालून हिरवी डबी काढली आणि वरची बाटली पिशवीत टाकली. मग कुरेशीभाईंसमोर जाऊन उभी राहिले. "किती ठिकाणी?"

"सात," ते म्हणाले. लगेच म्हणाले.

कमलबाईंची जेवायची वेळ झाली होती आणि त्यांनी आम्हाला सोडलं नाही. पळसाखाली बसलो. ज्वारीच्या भाकरी, सोले-वांगे, म्हणजे तुरीचे ओले दाणे आणि वांग्याची भाजी, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे तूर डाळ होऊनच घरात येते, तिचे ओले दाणे असे खातात हे मला माहीतच नव्हतं. मटारापेक्षा घट्ट आणि चवीला गोडसर. मी दोनदा घेतली. कुरेशीभाईंची भाकरी हातातच राहिली होती.

"साहेबाचं ऑपरेशन झालतं," ते बोलायला लागले. "अन् तिकडून लोकं लिहून राह्यले, हा डब्बा नाही, तो डब्बा नाही. त्याइले बंगलोरला मोबाइलवर सारं दिसते ना. मले वाटलं, दिलाचा पेशंट माणूस, त्याले कायले तकलीफ? जाऊन पाह्यलं. नाही सापडला. ठेवला नवा. तक्रार खतम."

"किती वेळ पाहिलंत?"

"पाच मिंट. कधी दोन." त्यांनी भाकरी खाली ठेवली. "मले शोधनं येतच नाही ताई, खरं सांगतो. बिघडलेलं काही असलं, आणा, लगेच दुरुस्त करतो. नुसतं पाहत बसनं माह्याच्यानं होत नाही. म्हणून तं मी राखनदार नाही म्हटलं. मी राखनदार झालो तं सव्वीसचे बावन्न डब्बे होतीन."

"तपासनिसांना हे कळवावं लागेल."

"कळवलं तं ते बंद करतीन!"

"न कळवता पुन्हा तक्रार गेली तर नक्की बंद करतील. आणि आधी गावंडेसाहेबांना सांगायचं. आत्ता."

"आत्ता? जेवून राह्यलो ना."

"तुम्ही जेवत नाही आहात."

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि भाकरीच्या टोपलीशेजारी ठेवला. गावंड्यांनी उचलला. आवाज बारीक होता. मी म्हटलं, कुरेशीभाईंना काही सांगायचंय. कुरेशीभाईंनी एका दमात सगळं सांगितलं, सात ठिकाणांच्या नावांसकट. मला क्षणभर गावंड्यांच्या हृदयाची धास्ती वाटली, हे खरं.

"सलीम," गावंडे म्हणाले, "चार्लीमंधी मी छन्नी घेऊन दोन दुपारा बसलतो. तो दगड कोरून डब्बी बसवली. अन् तू तिच्यासमोर गोळ्यायची बाटली ठेवून आला?"

"साहेब, तुमच्या दिलाले त्रास नको म्हणून…"

"माह्या दिलाची काळजी डॉक्टर करून राह्यला! तुले डब्ब्याची कराची होती! काहून रे, दोन मिंट जास्त बसला असता तं दुकान पयून चाललं होतं काय? स्कूटर दुरुस्त कराले सकाळी घ्याचा अन् सांजपर्यंत तिच्यासोबत गोठी करत बसाचा, तवा नव्हती घाई?" मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, 'अहो, हळू. डॉक्टरांनी काय सांगितलंय?' "तू थांब वं! याले बोलू दे मले!" आणि ते बोलत राहिले. फॉक्सट्रॉटची जागा कशी हेरली, माइकसाठी हाच पळस का निवडला, एकेक डबा घेऊन ते पुढे सरकत होते. ग्रुपवर दोन महिन्यांत एका ओळीपलीकडे न गेलेला हा माणूस. कमलबाई आणि बाया कान देऊन ऐकत होत्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "ह्या साहेबाचं ऑपरेशन झालं? बापा! आंधी कसा बोलत असंन?"

शेवटी गावंडे म्हणाले, "बस. आता मी काही पाहत नाही. सगळेच्या सगळे तुह्या नावावर करून राह्यलो. तूच राखणदार. तुह्यानं बिघडलं, तूच निस्तर."

"साहेब, मी…"

"विचारून नाही राह्यलो, सांगून राह्यलो."

फोन बंद. कुरेशीभाई माझ्याकडे बघत होते. मी ठेचा त्यांच्याकडे सरकवला. थोड्या वेळानं त्यांनी भाकरी उचलली आणि मग चांगल्या तीन भाकरी खाल्ल्या.

मी तिथेच तपासनिसांना सगळं लिहिलं. जोडडबे कोणी ठेवले, का ठेवले, आजपासून मालकी कोणाकडे जातेय. एक अक्षर लपवलं नाही. कुरेशीभाईंनी वाचून 'ठीक आहे' म्हटलं आणि मी पाठवलं. संध्याकाळपर्यंत उरलेल्या चारही जोड्या मोडल्या आणि फोटो पाठवले. आता प्रत्येक ठिकाणी खरी डबी शोधायचं काम मी कुरेशीभाईंवर टाकलं. पहिल्या ठिकाणी ते दर मिनिटाला 'नाही आहे इथं' म्हणायचे. तिसऱ्या ठिकाणी म्हणायचे थांबले.

पांढरकवडा

पांढरकवड्याचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो. पानं वाळून तांबडी झाली होती आणि प्रत्येक पान ताटाएवढं. मग एकदम महामार्ग लागतो आणि सगळं बदलतं. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारे ट्रक ओळीनं, धाब्यांवर हिंदी, तेलुगू, मराठी एकाच वाक्यात. बाजारात जंगलाकडून आलेल्या बाया डिंक आणि मोहफुलं घेऊन बसल्या होत्या. माझ्यासमोर एकीनं घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला कोलामी भाषेत असं काही सुनावलं की अर्थ कळला नाही तरी गिऱ्हाईक गप्प झालं.

तपासायचा राहिलेला शेवटचा डबा, क्वेबेक, इथेच होता. कुरेशीभाईंचा स्वतःचा डबा. आपल्या नावाच्या डब्यावर सही करायची नाही ही रीत त्यांनी इतकी पाळली होती की ते त्या जागेकडे कधी फिरकलेच नव्हते. महामार्गालगत, एका धाब्यापुढच्या कडुनिंबात, असं गावंड्यांनी लिहिलेलं. आम्ही पोचलो तर कडुनिंब नव्हता. रस्ता रुंद करताना तोडला होता. बुंधासुद्धा उरला नव्हता, नुसती खडी.

हा एकच डबा खरोखर हरवलेला होता, आणि नेमका याच्याविषयी एकही तक्रार नव्हती. धाब्यावर थांबणाऱ्यांना चहा दिसतो, डबा कोण शोधतो?

मी तेही तपासनिसांना कळवलं, आणि थोड्या वेळात त्यांचं उत्तर आलं. जोडडबे काढल्याचे फोटो मिळाले. खरं सांगितल्याबद्दल आभार. हरवलेला डबा आज परत ठेवून राखणदारानं स्वतः तपासल्याचं कळवलं, तर साखळी चालू ठेवतो. नाहीतर नियमाप्रमाणे बंद.

मी ते वाचून दाखवलं. कुरेशीभाई खडीकडे बघत म्हणाले, "स्वतःच्या नावाचा डब्बा मी स्वतः कसा लपवू, ताई? बरं नाही दिसत."

"मी लपवते. तुम्ही तपासायचा."

"म्हणजे जागा दाखवान ना?"

"नाही. खूण देईन. जगातल्या कोणालाही मिळते तेवढीच. ती खूण बरोबर आहे की नाही ते तपासल्याशिवाय कसं कळणार?"

गावंड्यांना फोन करून जुनी ओळ विचारली. त्यांना ती तोंडपाठ होती: 'सलीमनं हात लावला की बंद पडलेलं चालू होते.' मग जरा थांबून म्हणाले, "खाली अजून एक जोडा. 'शोधायचं सोडून.'" मी जोडलं.

धाब्याच्या मालकाला विचारलं. त्याला हा प्रकार काय ते धड कळलं नाही, पण "करा बाई, फक्त पाणी बंद पाडू नका" एवढं तो म्हणाला. कुरेशीभाईंना मी आत चहा प्यायला बसवलं, रस्त्याकडे पाठ करून. धाब्याच्या बाजूला लोखंडी स्टँडवर पाण्याची काळी टाकी होती. तिच्यातून चार पाइप निघत होते, नळाला, भांड्यांच्या मोरीला, कुठे कुठे. मी पिशवीतून पाइपचा एक तुकडा काढला, एक टोक सोल्युशननं कायमचं बंद केलं, आत त्या ओळीचं कार्ड आणि सह्यांची गुंडाळी घातली, दुसऱ्या टोकाला आट्याचं टोपण बसवलं. तो तुकडा पट्टीनं स्टँडला चार पाइपांशेजारी बांधला. वर चिखलाचा हात फिरवला. आमच्या दुकानातला माणूससुद्धा फसला असता.

खूण लिहिली: 'तहान भागणार नाही.'

कुरेशीभाई बाहेर आले. खूण वाचली, मला दिली, परत घेतली. आधी नळाकडे गेले, ते बरोबर होतं. नळाखाली, मोरीच्या कडेला, टाकीच्या झाकणावर, स्टँडच्या पायांत पाहिलं. मी खाटेवर बसले आणि दुसऱ्या बाजूला तोंड केलं, कारण माझ्या डोळ्यांवरून ओळखतील. बराच वेळ गेला. ट्रकवाले बघायला लागले.

"क्या ढूँढ रहे हो, चाचा? चाबी?"

"तेरी बारात," कुरेशीभाई म्हणाले, पण वर बघितलं नाही.

ऊन उतरायला लागलं. ते एकदा माझ्याकडे आले, खाटेच्या कडेला उभे राहिले. मी चहाचा घोट घेतला. ते परत गेले. आणखी एक फेरी झाली. मग टाकीजवळ उभे असताना त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. मी आता सरळ बघत होते. खिशातून चष्मा निघाला. तो डोळ्यांवर चढवून ते स्टँडपाशी खाली बसले, मांडी घालून, दुकानात मोटार उघडायला बसतात तसे, आणि एकेका पाइपवर हात ठेवत तो कुठून येतो, कुठे जातो ते बघायला लागले. पहिला. दुसरा. तिसरा. चौथा.

पाचव्यावर त्यांनी बोटाच्या पेरानं ठोकलं. परत ठोकलं. कान लावला.

"ताई," ते न वळता म्हणाले, "हा पाइप कुठूनच येत नाही."

मी तपासनिसांना लिहिलं: क्वेबेक जागेवर आहे, राखणदारानं तपासला.